दुरुस्तीहून आलेल्या रिव्हॉल्व्हरचा सिलेंडर गॅप ०.३० मिमी: चालेल का?

पेठेतला_नवखा: मदत हवी आहे. परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, सिलेंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) बाजूला उघडणारं. बॅरल बदलून कारखान्यातून परत आलं. बॅरलचं मागचं तोंड आणि सिलेंडर यांच्यात ०.३० ची फिलर गेजची (फट मोजायची) पाती जाते, ०.३५ ची जात नाही. सोबतच्या कागदावर नुसतं ‘तपासले, योग्य’. डीलर म्हणतो, चालतंय की. परत पाठवू का?

खराद_मास्तर: नुसत्या ०.३० वरून काही सांगता येणार नाही. सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. सिलेंडर बंद करा, घोडा (मागचा हॅमर) खाली. आता सिलेंडर अंगठ्याने मागे, म्हणजे घोड्याकडे, दाबून धरा आणि पाती घाला. मग पुढे ओढून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे एंडशेक, सिलेंडरची पुढे-मागे ढिलाई. हे प्रत्येक चेंबरला करायचं, डावीकडून आणि उजवीकडूनही. पाती कोरडी हवी आणि एकच हवी. दोन जोडल्या की मध्ये तेल राहतं आणि माप फसतं. पुण्यात बोहरी आळीत गाडीचे टॅपेट सेट करायचं गेज मिळतं, तेवढं पुरे. पाती अलगद सरकली पाहिजे. ढकलून घातलीत तर सिलेंडरच हलतं आणि हवा तो आकडा मिळतो!

पेठेतला_नवखा: मोजलं. मागे दाबून ०.३०, पुढे ओढून ०.२०. सहाही चेंबर सारखे, डावं-उजवंही सारखं.

खराद_मास्तर: मग तोंड काटकोनात आहे, सिलेंडरही सरळ आहे. डावं-उजवं वेगळं आलं असतं तर बॅरलचं तोंड तिरकं किंवा क्रेन (सिलेंडर ज्यावर बाहेर येतं तो हात) वाकडी. चेंबरगणिक बदललं असतं तर सिलेंडरचं तोंड तिरकं. तुमच्याकडे दुखणी दोन.

गॅप साधारण ०.१० ते ०.२० असावा, वर्कशॉपच्या भाषेत ४ ते ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). ०.२५ पर्यंत बरेच जण चालवून घेतात. ०.३० म्हणजे १२ थाऊ. त्यात गोळीचा वेग पडतो आणि बाजूने गॅस जास्त फुटतो, रेंजवर शेजारच्या लेनवाल्याला तो जाणवतो. फार कमीही नको. ०.१० च्या खाली शिशाची गोळी वापरलीत की काजळी साचते, तापून सिलेंडर अडकतं.

एंडशेक ०.१० आहे, तो ०.०५ च्या आत हवा. दर फायरला सिलेंडर पुढे-मागे आपटतं आणि ढिलाई वाढतच जाते.

पेठेतला_नवखा: शिम (पातळ वॉशर) टाकून दोन्ही भागेल का? डीलर तेच सुचवतोय.

खराद_मास्तर: नाही. क्रेनच्या नळीवर शिम टाकली की सिलेंडर मागच्या जागी टिकतं, म्हणजे गॅप कायमचा ०.३०. एंडशेक जाईल, गॅप राहील. गॅपसाठी बॅरल एक पूर्ण आटा मागे घ्यावी लागते (अर्धा घेतला तर फोरसाइट, म्हणजे पुढची माशी, खाली येईल), मग तोंड खरादावर टर्न करून फोर्सिंग कोन (बॅरलच्या मागच्या तोंडातला उतार) पुन्हा रीम करायचा. क्रम महत्त्वाचा: आधी एंडशेक काढायचा, मग गॅप बसवायचा. उलट केलं तर कष्ट वाया.

कर्वेनगर_३२: कुणाचं मधून मोडून उघडणारं, वेब्ली पद्धतीचं असेल तर एक भर. त्यात सिलेंडर बॅरलसोबतच उचललं जातं, त्यामुळे लॅच (बॅरल बंद धरणारी कडी) ढिला असेल तर पुढचा गॅप बदलत नाही, मागे रिकॉइल प्लेटशी (सिलेंडरमागच्या भिंतीशी) फट पडते. तिकडेही पाहा.

खराद_मास्तर: बरोबर. @नवखा, ओळखीच्या खरादवाल्याकडे मात्र नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. डीलरमार्फतच परत पाठवा आणि पत्रात आकडे लिहा: मागे ०.३०, पुढे ०.२०, सहा चेंबरचा तक्ता. ‘गॅप जास्त वाटतो’ असं लिहिलंत तर पुन्हा तोच शिक्का येईल.