कुबोटा ट्रॅक्टरवाल्यांची रग्बी टीम? जपानचा हा सीझन कुणीतरी समजावून सांगा

सावळजचा बागायतदार

राम राम मंडळी. तासगाव तालुक्यात सावळजला आमची द्राक्षबाग आहे. बागेतल्या दोन ओळींमधनं जाणारा लहान कुबोटा ट्रॅक्टर वापरतो, मागं ब्लोअर लावून फवारणी करतो. परवा रात्री त्याच्या सर्व्हिसिंगचा व्हिडिओ शोधत होतो, तर खाली भलतंच काहीतरी निघालं. केशरी जर्सीतले धिप्पाड गडी, संघाच्या नावात कुबोटा आणि माणसांनी गच्च भरलेलं स्टेडियम. जपानची रग्बी. स्कोअर १७-१५.

मी कॉलेजात असताना कबड्डीत कोपरा सांभाळायचो. पळत येणाऱ्या गड्याच्या मांडीला खांदा लावून त्याला जागेवर उचललेला बघितला आणि सर्व्हिसिंग राहिली बाजूला. तासभर हायलाइट्सच बघत बसलो.

आता प्रश्न असा की ही टीम खरंच कंपनीची आहे का नुसती जाहिरात? नाव एवढं लांब कशाला, कुबोटा स्पिअर्स फुनाबाशी टोकियो बे? सीझन कधी सुरू होतो, किती मॅच असतात, वर-खाली कसं ठरतं? आणि १७-१५ हा आकडा बनतो कसा? नेटवर सगळं इंग्रजीत नाहीतर जपानीत आहे. आपल्यातल्या कुणी तिकडं राहून बघितलं असेल तर निवांत लिहा, मी वाचतो.

विश्रामबागकर

भाऊ, तुम्ही बघितली ती २० मे २०२३ ची फायनल, टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवरची. मी त्या दिवशी तिथं होतो. आता सांगलीत परत आलोय, पण त्या सीझनबद्दल कुणी विचारलं की मला थोडक्यात सांगता येत नाही.

आधी टीमचं. जाहिरात नाही, टीम कंपनीचीच. क्लब १९७८ सालचा. टोकियोला लागून चिबा म्हणून प्रांत आहे, तिथल्या फुनाबाशी शहरात कुबोटाचा कारखाना आहे आणि टीमचं सरावाचं मैदानही तिथंच. जपानमध्ये रग्बी अशीच वाढली. पोलाद कंपनीची टीम, मोटार कंपनीची टीम, कॅमेरा बनवणाऱ्यांची टीम. खेळाडू कंपनीत नोकरीला. सकाळी ऑफिस, मग सराव. आता पगारी करारावरचे व्यावसायिक खेळाडू बरेच आहेत, परदेशी मोठी नावं आहेत, पण नोकरी सांभाळून पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणारे अजूनही आहेत.

२००३ ते २०२१ या स्पर्धेचं नाव टॉप लीग होतं. २०२२ च्या जानेवारीपासून लीग वन झालं. तेव्हाच ठरलं की संघाच्या नावात गाव पाहिजे आणि त्या गावाशी संघाचं नातं पाहिजे. म्हणून ते लांबलचक नाव. माझ्या मते नव्या लीगनं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम. आधी मॅचला कंपनीची माणसंच जास्त यायची, आता गल्लीतली पोरं येतात.

हे मी कशावरून सांगतो? मी एदोगावा वॉर्डात निशिकासाईला राहायचो, सॉफ्टवेअरच्या कामासाठी. तिथं भारतीय लोक इतके आहेत की स्टेशनबाहेर मराठी कानावर पडतं. २०१९ ला त्याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. आणि स्पिअर्सचं होम ग्राउंड, एदोगावाचं अॅथलेटिक्स स्टेडियम, निशिकासाई स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शनिवारी भाजी आणायला बाहेर पडलो की केशरी टोप्या घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं एका दिशेनं निघालेली दिसायची. आजी, नातू, डबा घेतलेली आई. एकदा त्यांच्या मागनं गेलो, आणि मग जातच राहिलो. तिथल्या प्रेक्षकांना ऑरेंज आर्मी म्हणतात. दोन्ही संघांचे लोक शेजारी शेजारी बसतात, समोरच्या संघानं चांगली पकड केली तरी टाळ्या पडतात. मॅच संपली की हरलेले असोत वा जिंकलेले, खेळाडू रांगेत उभे राहून प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करतात. ते उरकून टाकत नाहीत, मनापासून करतात. एका मॅचला माझ्यासमोरच एक प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, उभा होता. कान सोलून निघालेला, गुडघ्याला चिखल, वाकला तेव्हा नाकातनं रक्ताचा थेंब गवतावर पडला. तरी सगळ्यांबरोबरच वर उठला.

आता हिशोब. ट्राय म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेमागं जमिनीला टेकवणं, त्याचे ५. त्यानंतरची किक खांबांच्या मधून गेली तर आणखी २. समोरच्याच्या चुकीवर मिळालेली पेनल्टी किक खांबांमधून गेली तर ३. खेळता खेळता चेंडूचा टप्पा पाडून तो खांबांमधून मारला तर तो ड्रॉप गोल, त्याचेही ३. लीगच्या टेबलात विजयाला ४ गुण, बरोबरीला २. ७ किंवा कमी गुणांनी हरलात तर १ बोनस. आणि समोरच्यापेक्षा किमान ३ ट्राय जास्त केल्या तर १ बोनस. हा दुसरा बोनस मला फार आवडतो. बऱ्याच देशांत ४ ट्राय केल्या की बोनस पदरात पडतो. इथं तुमच्या ६ झाल्या आणि समोरच्यानं शेवटच्या मिनिटाला चौथी केली तर बोनस गेला. त्यामुळं २० गुणांनी मागं असलेला संघही शेवटपर्यंत झुंजतो आणि पुढं असलेल्यालाही ढिलं पडता येत नाही.

पहिल्या डिव्हिजनमध्ये १२ संघ. सीझन डिसेंबरात सुरू होऊन मे-जूनच्या सुरुवातीला संपतो. २०२२-२३ मध्ये प्रत्येकाच्या १६ मॅच आणि पहिले ४ बाद फेरीत. २०२४-२५ पासून १८ मॅच आणि पहिले ६. तळाचे संघ दुसऱ्या डिव्हिजनच्या वरच्या संघांशी मॅच खेळतात, त्यावर वर-खाली ठरतं. परदेशी खेळाडूंवर मर्यादा आहे. मैदानावरच्या १५ जणांत किमान ११ असे लागतात की जे जपानकडून खेळू शकतात.

आणि ती फायनल. समोर साइतामा वाइल्ड नाइट्स. २०२१ ची शेवटची टॉप लीग त्यांची, २०२२ ची पहिली लीग वन त्यांची. प्रशिक्षक रॉबी डीन्स, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाला शिकवलेला माणूस. स्पिअर्सकडं तोपर्यंत एकही विजेतेपद नव्हतं, मध्यंतरी तर ते टॉप लीगमधनं खालीही गेले होते. त्यांचा ऑस्ट्रेलियन बर्नार्ड फोली पेनल्टीमागून पेनल्टी मारत होता, पण ट्राय काही होईना. साइतामानं ट्राय करून १५-१२ अशी आघाडी घेतली. दहा-बारा मिनिटं उरलेली. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी तोंडावर टॉवेल धरला होता.

मग कर्णधार हारुमिची तातेकावानं चेंडू हातात घेतला आणि पास न देता पायानं मैदानाच्या डाव्या कडेला उंच टोलवला. २०१५ च्या वर्ल्ड कपात जपाननं दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं, त्या संघातला हा माणूस. सगळा बचाव मधोमध गोळा झालेला. कडेला तरुण विंगर हारुतो किदा एकटा. त्यानं तो पळता पळता झेलला आणि रेषेपलीकडं टेकवला. फोलीची पुढची किक हुकली, १७-१५. उरलेला वेळ स्पिअर्सनी नुसतं अडवलं. एवढ्या वर्षांच्या सीझनचा निकाल एका किकवर. ती किक मारायला जे धाडस लागतं ते त्या माणसाकडं होतं. चुकली असती तर चेंडू साइतामाच्या हातात गेला असता. तुम्ही कोपऱ्यात खेळलाय, तुम्हाला कळेल. सगळी साखळी आत खेचली गेली की कडेचा गडी कसा मोकळा सुटतो, तसंच.

कराडकर

विश्रामबागकरांनी छान लिहिलंय. थोडी भर. मी शिझुओका प्रांतात इवाताला होतो, यामाहाच्या गावात. साइतामाचा तो प्रचंड मोठा विजयी सिलसिला त्याच सीझनमध्ये, एप्रिल २०२३ ला, आमच्या ब्लू रेव्ज संघानं तोडला. फायनलमध्ये साइतामा हरू शकतो हे लोकांना तेव्हाच दिसलं.

पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. नावात नुसतं गाव घालून भागत नाही. यामाहानं २०२१ मध्ये संघासाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि संघाचं नाव शिझुओका ब्लू रेव्ज ठेवलं, त्यात यामाहा हा शब्दच नाही. तिकीटविक्री, प्रायोजक, शाळांतले कार्यक्रम, सगळं संघ स्वतः बघतो. सगळ्यांनी असंच करायला पाहिजे. कंपनीच्या खिशावर चालणारा संघ कंपनीची मर्जी असेपर्यंतच टिकतो.

भाऊ, तुम्ही २०२३-२४ ची फायनल पण बघा. साइतामा लीगमध्ये सगळ्या १६ मॅच जिंकून आलेला. समोर तोशिबा ब्रेव्ह लुपस, कर्णधार मायकेल लीच, सोबत न्यूझीलंडचा रिची मोउंगा. ब्रेव्ह लुपस २४-२० नं पुढं असताना अगदी शेवटी साइतामानं ट्राय केली, स्टेडियम उठून उभं राहिलं. पंचांनी व्हिडिओ बघितला तर आधीचा एक पास पुढं गेलेला. ट्राय रद्द. तो पास दिलेला शोता होरिए, जपानचा जुना मुरब्बी हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला गडी, आणि ती त्याची शेवटची मॅच. पुढच्या वर्षीही ब्रेव्ह लुपसच जिंकले, फायनलमध्ये स्पिअर्सना १८-१३ हरवून.

पलूसच्या पी.टी. मॅडम

मला रग्बीतलं फार कळत नाही, पण नोकरीचा मुद्दा वाचून थांबले. मी मुलींना कबड्डी शिकवते. पोरी राज्यापर्यंत जातात आणि मग घरचे विचारतात, पुढं काय? पूर्वी आपल्याकडंही कारखान्यांचे, बँकांचे संघ असायचे. खेळावर नोकरी लागायची, घर उभं राहायचं. आमच्याच भागातल्या एका कारखान्यानं संघ बंद केला तेव्हा खेळाडूंना शिपायाच्या कामाला लावलं, काहींना तेही मिळालं नाही. माझ्या हाताखालचा एक मुलगा त्यात होता.

म्हणून विचारते, तिकडं कंपनीनं हात काढून घेतला तर खेळाडूंचं काय होतं? आणि खेळ सुटल्यावर माणूस करतो काय?

विश्रामबागकर

मॅडम, तिकडंही संघ बंद पडतात. कोका-कोलाचा रेड स्पार्क्स २०२१ ला बंद झाला. मुनाकाता सॅनिक्स ब्लूज हा फुकुओकाकडचा संघ लीग वनचं पहिलं वर्ष खेळून २०२२ ला विसर्जित झाला. लहान गावचा संघ होता, लोकांना फार लागलं. नोकरदार खेळाडूला एक आधार असतो, संघ गेला तरी कंपनीतली नोकरी राहू शकते. करारावरच्या खेळाडूला दुसरा संघ शोधावा लागतो. कराडकरांचा मुद्दा म्हणून मला पटतो, पण अर्धाच. नोकरीची ही वाट पूर्ण बंद करून सगळेच करारावर आणले तर तिसाव्या वर्षी गुडघा गेलेल्या मुलानं जायचं कुठं? मोठ्या पगाराचे खेळाडू संघात दोन-चार असतात, बाकीच्यांना नोकरीच तारते.

खेळानंतरचं म्हणाल तर केन्की फुकुओकाचं उदाहरण सांगतो. २०१९ च्या वर्ल्ड कपातला जपानचा सगळ्यात वेगवान विंगर. त्यानं २०२१ ला खेळत असतानाच मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली आणि टोकियोच्या जुंतेंडो विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या वर्षीच्या टॉप लीगच्या फायनलमध्ये ट्राय केली, संघ जिंकला आणि तिथंच त्यानं बूट काढले. २८ व्या वर्षी. आजोबांसारखं डॉक्टर व्हायचं होतं.

आणि कंपनीनं हात काढल्यावर गाव काय करू शकतं याचं उत्तर कामाइशीत आहे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचं पोलादाचं गाव. तिथल्या निप्पॉन स्टीलच्या संघानं १९७८-७९ पासून १९८४-८५ पर्यंत सलग ७ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढं पोलादाचा धंदा आटला, १९८९ ला तिथली शेवटची भट्टी विझली. २००१ मध्ये कंपनीच्या संघाचा गावचा क्लब झाला, कामाइशी सीवेव्ज. मग ११ मार्च २०११ ची त्सुनामी. उनोसुमाई भागातली शाळा पाण्यात गेली, पण शाळेतली मुलं मोठ्यांची वाट न बघता डोंगराकडं पळाली, लहानांचा हात धरून, आणि वाचली. त्याच शाळेच्या जागेवर पुढं स्टेडियम बांधलं. २५ सप्टेंबर २०१९ ला तिथं वर्ल्ड कपची फिजी-उरुग्वे मॅच झाली, उरुग्वेनं ३०-२७ जिंकली. आपल्याकडं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरात शिरलेलं होतं. मी तिकडं टीव्हीवर ती मॅच बघत होतो आणि फोनवर घरचे चिखल काढत होते. सीवेव्ज मोठा संघ नाही, लीग वनच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये हरत-जिंकत असतो. पण आहे. गावानं सोडला नाही.

पलूसच्या पी.टी. मॅडम

कामाइशीचं मुलींना सांगणार आहे. त्या शाळेचंही.

सावळजचा बागायतदार

दादा, सगळं वाचलं, दोनदा वाचलं. १७-१५ चा हिशोब आता डोक्यात बसला, म्हणजे ४ पेनल्टीचे १२ आणि किदाच्या ट्रायचे ५, बरोबर ना? आता एवढंच सांगा, डिसेंबर ते मे म्हणजे आमचा माल काढायचा आणि एप्रिल छाटणीचा काळ. दिवसा बागेत असतो. मॅच आपल्या वेळेनं कधी पडते?

विश्रामबागकर

अगदी बरोबर. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. तिकडं दुपारी अडीचला सुरू झाली तर आपल्याकडं सकाळचे अकरा, तिकडं बाराला असली तर साडेआठ. बहुतेक मॅच शनिवार-रविवारी. मॅच चुकली तरी लीगच्या यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात, समालोचन जपानी असलं तरी स्कोअर वरच्या कोपऱ्यात असतो. पहिल्या बघण्यात स्पिअर्स आणि ब्रेव्ह लुपसची मॅच धरा, एक तुमच्या ट्रॅक्टरवाल्यांची टीम आणि एक २०२४ आणि २०२५ ची सलग दोनदाची विजेती. चेंडूच्या मागं धावू नका, चेंडू नसलेले गडी कुठं उभे आहेत ते बघा. आणि मे महिन्यात तळाच्या संघांच्या खाली-वर जाण्याच्या मॅच सोडू नका, फायनलइतक्याच चुरशीच्या होतात.