मदत हवी आहे: रिन्यूअलचं रिसबमिशन करू की नव्याने अर्ज करू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत एनआयएचच्या (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) ग्रँट लिहिण्याचा अनुभव असलेल्यांचा सल्ला हवा आहे. माझ्या आर०१ ची (एनआयएचची संशोधन-प्रकल्पाची ग्रँट) पाच वर्षं संपत आली आहेत. रिन्यूअलसाठी, म्हणजे तीच ग्रँट पुढे चालू राहावी म्हणून, अर्ज केला होता, त्याला ४३ स्कोअर आला (१० सर्वांत चांगला, ९० सर्वांत वाईट). एवढ्यावर पैसे मिळणं कठीण, हे उघड आहे. समरी स्टेटमेंट (रिव्ह्यूअरांच्या अभिप्रायांचा अहवाल) पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसता राग आला. आता चार वेळा शांतपणे वाचलंय, आणि पहिल्या रिव्ह्यूअरचं म्हणणं मला पटायला लागलंय.

मूळ अर्जात किडनीतल्या फायब्रोसिसमागे (ऊती व्रणासारख्या कडक होणं) एक विशिष्ट प्रथिन आहे असं गृहीतक मांडलं होतं. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं, की ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या किडनीतही फायब्रोसिस तेवढाच होतो. प्रयोग पुन्हा केले, निकाल तोच. मग आम्ही शेजारच्या पेशींकडे वळलो आणि तिथे खरोखर काहीतरी हाती लागलं. दोन्ही पेपर त्यावरच आहेत. पण रिन्यूअलमध्ये या वळणाबद्दल मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या. चूक माझीच. पहिल्या रिव्ह्यूअरला वाटलं, कबूल केलेलं काम मी अर्धवट सोडलं. दुसऱ्याला नवी दिशाच सर्वांत आवडली, तिथे आणखी प्रयोग हवेत म्हणतो. तिसरा म्हणतो, पसारा आधीच फार आहे.

रिसबमिशन (तोच अर्ज सुधारून पुन्हा देणं) एकदाच करता येतं, तेही ३७ महिन्यांच्या आत, आणि उत्तर द्यायला इंट्रोडक्शनचं एकच पान. नवा अर्ज केला तर मागच्या रिव्ह्यूचा उल्लेख करता येत नाही आणि प्रोग्रेस रिपोर्टही जोडता येत नाही. म्हणजे पाच वर्षांचं काम फक्त प्राथमिक डेटा म्हणून उरेल. नव्या अर्जाची तारीख ५ ऑक्टोबर, रिसबमिशनची ५ नोव्हेंबर.

कोणता रस्ता धरू? आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या परस्परविरोधी सूचनांना एका पानात उत्तर कसं देतात?

लॅबमधली टेक्निशियन पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत आहे, तिचा पगार याच ग्रँटमधून जातो. नो-कॉस्ट एक्स्टेन्शन (ग्रँटची नुसती मुदतवाढ) मिळालं तरी नवे पैसे येत नाहीत, शिल्लक पुरवून वापरायची एवढंच. म्हणून झोप लागत नाहीये.

प्रतिसाद १

रिसबमिशन करा. ते फसलं तर नव्या अर्जाची वाट मोकळी राहतेच.

तुमचा नकारात्मक निकाल दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता. गृहीतक नीट तपासलं, चुकीचं निघालं, त्यातूनच पुढचा प्रश्न सापडला. हे प्रोग्रेस रिपोर्टमध्ये ठसठशीत लिहा. इंट्रोडक्शनचं जवळपास अर्धं पान यालाच द्या. रिव्ह्यूअर क्रमांक एक, दोन, तीन असं उत्तर देत बसू नका, मुद्द्यांनुसार लिहा. रिव्ह्यूअरांच्या पॅनेलवर या वेळी दुसरीच माणसं असू शकतात. जुनं समरी स्टेटमेंट त्यांना दिसतं, जुना अर्ज डोक्यात नसतो. म्हणून ते पान पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही कळायला हवं.

दुसऱ्या-तिसऱ्याचा विरोध मला वरवरचा वाटतो. अर्जातल्या तीन उद्दिष्टांपैकी एक काढून टाकलंत, तर तिसऱ्याचा पसारा कमी होतो आणि दुसऱ्याला हव्या त्या प्रयोगांना जागा मिळते. आणि लिहिण्याआधी प्रोग्रॅम ऑफिसरशी (तुमची ग्रँट पाहणारे एनआयएचचे अधिकारी) फोनवर बोला. समरी स्टेटमेंटमध्ये सगळी चर्चा उतरलेली नसते. ते पॅनेलची बैठक ऐकत असतील, तर पॅनेलचा उत्साह नेमका कुठे मावळला ते सांगू शकतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त कोणतं उद्दिष्ट काढता ते जपून ठरवा. उरलेल्या दोनपैकी एक दुसऱ्याच्या निकालावर अवलंबून असेल, तर पुन्हा तिथेच अडकाल. पहिलं पूर्ण फसलं तरी दुसरं उभं राहील ना, हे आधी पाहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रोग्रॅम ऑफिसरला आत्ताच मेल केला. तिसरं उद्दिष्ट काढायचं ठरवलंय. मन तयार होत नाही, कारण ते माझ्या लॅबमधल्या पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरचा संशोधक) कल्पनेतून आलं होतं, आधी त्याच्याशी बोलेन. इंट्रोडक्शनचा कच्चा खर्डा शनिवारपर्यंत होईल. विषय माहीत नसलेल्या कुणी तो वाचून सांगेल का, कुठे अडखळायला होतं ते?