सातपुड्यासाठी छोटी कॅम्पर: ईको की गुरखा?

काळीमाती: रिटायर झालो. आता बायकोला घेऊन शहाद्याहून तोरणमाळ, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, मग रावेरकडचं पाल गाव. दोघांपुरती झोपायची जागा आणि एक शेगडी, बस. पोरगा म्हणतो फोर्सची मोठी ट्रॅव्हलर व्हॅन घ्या. माझं मत, मारुतीची ईको व्हॅन पुरे. लांबी ३.६७ मीटर, घाटात समोरून एसटी आली तरी मागे घेता येते. ताकद मागच्या चाकांना, सामान मागे भरलं की चढाला पकड वाढते. बोला.

धुळ्याचा_फोरबायफोर: काका, ईकोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १६० मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. १०० लिटर पाणी घेतलं तर नुसतं पाणीच १०० किलो. गाडी मागून बसणार आणि पहिल्याच फरशी पुलावर पोट घासणार. फोर्सची पाच दारी गुरखा जीप घ्या. क्लिअरन्स २३३ मिमी, दोन्ही एक्सलला डिफ लॉक, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवायची सोय. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं.

काळीमाती: आणि झोपायचं छतावरच्या तंबूत? रात्री दोनदा शिडी उतरायला माझे गुडघे येणार नाहीत.

ट्रॅक्टरवाला_चोपडा: भो, तुम्ही दोघं डांबरावरचं बोलताय. मागच्या जुलैत आमच्या शिवारात अशीच एक फोर बाय फोर रुतली. काळी माती टायरच्या नक्षीत भरली की टायर गोटा होतो. चाक आणि मडगार्डच्या मधली माती विळ्याने खरवडली, वीतवीतभर पोपडे निघाले. चारही चाकं गरगर, गाडी जागेवर. शेवटी ट्रॅक्टर. मुरमावर मुक्काम करा, मग कोणतीही न्या.

धुळ्याचा_फोरबायफोर: टायर हायवेचे असतील.

ट्रॅक्टरवाला_चोपडा: असतील. मी दोर बांधत होतो.

शहाद्याची_ताई: ट्रॅव्हलर नकोच, पण कारण वेगळं. मागच्या चाकापलीकडे जेवढं शेपूट लोंबतं, तेच नाल्यातून वर चढताना आधी टेकतं. आमच्या भाड्याच्या कॅम्परचा ड्रेनचा नळ असाच तुटला, अख्खी टाकी नाल्यात. भांडी तशीच राहिली. आणि काका, सीट काढून पलंग ठोकणार असाल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीत आहे त्यापेक्षा गाडी वेगळी दिसली तर विम्यालाही फाटे फुटतात.

काळीमाती: बरं. टाकी रद्द, २० लिटरचे दोन कॅन. निघायचं दिवाळीनंतर. गाडी मात्र ईकोच.

धुळ्याचा_फोरबायफोर: परत आलात की फोटो टाका. गाडीच्या खालून काढलेले.