अहवालाची वाट पाहत थांबू नका

विमान अपघाताच्या चौकशीचा अहवाल आला की मृतांच्या वारसांना भरपाई आपोआप मिळते, असं काहीजण म्हणतात. ते खरं नाही, आणि याच समजुतीत दाव्याची मुदत निघून जाते म्हणून कळकळीने लिहितोय.

२८ जून २०१८ ला घाटकोपरच्या जागृतीनगरात चाचणी उड्डाणावरचं किंग एअर सी-९० हे छोटं विमान कोसळलं. विमानातले चौघे गेले, शिवाय खालचा एक पादचारी. अशा अपघातात विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांना तेव्हा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली (२०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) भरपाई आयुक्तांकडे अर्ज करता येत असे. नोकरी देणाऱ्या मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे.

पादचाऱ्याच्या घरच्यांचं मात्र फार कठीण. तो प्रवासी नव्हता, त्यामुळे १९७२ चा हवाई वाहतुकीचा कायदा उपयोगाचा नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणही नाही, कारण विमान हे मोटार वाहन नव्हे. (मृत्यू रस्त्यावर झाला तरीही!) उरतो १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. म्हणजे दिवाणी दावा, निष्काळजीपणा आपणच सिद्ध करायचा, आणि मुदत मृत्यूपासून दोनच वर्षं. चौकशी अहवाल पुढचे अपघात टळावेत म्हणून असतो, दोष कुणाचा हे ठरवायला नाही. तो हाती नसला तरी दावा मुदतीत दाखल करा.