दुबई की मस्कत : भाड्यापलीकडचा हिशोब

पगार सारखाच असेल तर दुबईपेक्षा मस्कत परवडतं, असं म्हणतात ते पटतं. पण दुबईचं भाडं विचाराल तेव्हा 'किती चेकांत?' हेही विचारा. तिथे वर्षाचं भाडं बहुधा पुढच्या तारखांच्या चेकांनी द्यावं लागतं, आणि भाड्याच्या ५ टक्के पालिका फी वीज-पाण्याच्या बिलात येते ती वेगळीच. व्हॅट दोन्हीकडे ५ टक्के.

माझा शालक भुसावळहून मस्कतला गेला, पहिलंच बिल २.५०० रियाल, म्हणजे अडीच रियाल, बघून म्हणे, "लई स्वस्त शे भो!" एक ओमानी रियाल म्हणजे दुबईचे साडेनऊ दिरहम, हे नंतर कळलं. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ अजूनही जळगावहूनच जातं, त्याचं सामानातलं वजनही हिशोबात धरा.