नववीचं निकालपत्रक: शनिवारच्या आत नमुना हवा

प्रेषक: राजारामपुरी

नमस्कार मंडळी,
आज पुन्हा शाळेत जाऊन आले. ऑफिसात तेच उत्तर: "बोर्ड दहावीचं, दाखला दहावीचा. नववीचं प्रगतिपुस्तक दिलंय की तुम्हाला." प्रगतिपुस्तक आहे, पण मराठीत, हाताने भरलेलं, आणि विज्ञानाच्या गुणांवर नेमका शिक्का आलाय. कॉमन ॲपला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या एकत्रित ऑनलाइन अर्जाला, नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण लागतात हे दोनदा सांगितलं, पटलं नाही. मुख्याध्यापक सर समजून घेणारे आहेत, पण ते मे महिन्यात निवृत्त होतायत आणि लेक दहावीनंतर या शाळेत नसणार. शनिवारी अकराला बोलावलंय, सोमवारपासून दिवाळीची सुट्टी. उद्यमनगरच्या दादांनी मुलासाठी जो कागद करून घेतला होता, त्याचा नमुना कोणी पाठवेल का? आजच मिळाला तर बरं.

प्रेषक: बॉस्टन (मूळ उद्यमनगर)

वहिनी, नमुना सोबत जोडलाय. नवीन दाखला मागू नका, तिथेच ऑफिस अडतं. नववीचा निकाल शाळेच्या रजिस्टरात असतोच. त्याची इंग्रजी प्रत लेटरहेडवर टाइप करून मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक घ्या. प्रत्येक विषयाचे मिळालेले गुण, एकूण गुण आणि उत्तीर्णतेसाठी ३५ लागतात ही ओळ हवीच. तिकडच्या माणसाला ७८ गुण म्हणजे चांगले की बेताचे, हे कळत नाही. आणि सगळे विषय लिहा. दहावीला टक्केवारी सहापैकी पाच विषयांवर निघते, ती सवय इथे नको.

हा कागद आत्ता कुठेही पाठवायचा नाही, जपून ठेवायचा आहे. बारावीत गेल्यावर ज्युनिअर कॉलेजचे प्राचार्य समुपदेशकाच्या जागी अर्जातला शाळेचा भाग भरतील, तेव्हा चारही वर्षांचे गुण त्यांना एकत्र चढवावे लागतील. दोन प्रती घ्या आणि त्याच दिवशी स्कॅन करा.

प्रेषक: ताराबाई पार्क

दादा, आपल्या पालक मंडळाचा नमुना आधीपासून आहे. मागच्या बैठकीत तो मी वाचून दाखवला होता आणि त्यावर चर्चाही झाली. दोन वेगवेगळे नमुने फिरायला लागले तर शाळांचा आपल्यावर विश्वास राहणार नाही. कृपया एकच ठेवूया. माझ्या नमुन्यात शाळेची माहिती देणारं एक पानही आहे: बोर्ड, माध्यम, वर्गातली पटसंख्या, कोणते विषय शिकवले जातात. मराठी माध्यमाच्या शाळेचं नाव परदेशात कोणाला ठाऊक नसतं, म्हणून ते पान निकालपत्रकाइतकंच महत्त्वाचं.

आणि ऑफिसातल्या लोकांबद्दल जरा सबुरीनं. मी तीस वर्षं वर्गात काढलीत. एका कारकुनावर शिष्यवृत्ती, शालेय पोषण आहार, बोर्डाचे फॉर्म सगळं असतं. वहिनी, टाइप केलेला मजकूर पेनड्राइव्हवर नेऊन द्या, त्यांचा अर्धा ताण जाईल. पण शिफारसपत्र मात्र पालकांनी लिहून नेऊन सही घ्यायची नाही. गुण उतरवणं वेगळं आणि मुलाबद्दल बोलणं वेगळं.

प्रेषक: न्यू जर्सी (मूळ कागल)

ताराबाई पार्कच्या बाईंशी शिफारसपत्राबाबत शंभर टक्के सहमत. पण मंडळी, नववीच्या कागदापेक्षा मोठी अडचण पुढे आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. दहावी झाली की आपल्याकडची निम्मी हुशार पोरं जेईईसारख्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकॅडमीत जातात. ज्युनिअर कॉलेजात नाव असतं, पोरगं तिथे फक्त प्रॅक्टिकलला दिसतं. माझ्या पुतण्याचं असंच झालं. गणितात पहिल्यापासून तेज, जेईईची तयारीही उत्तम. अमेरिकेला अर्ज करायचं ठरलं तेव्हा कॉलेजातल्या एकाही सरांना त्याचा चेहरा ओळखता येईना. पत्र आलं चार ओळींचं, विद्यार्थी प्रामाणिक आहे आणि हजेरी नियमित आहे. हजेरी तर नव्हतीच. अकॅडमीतल्या ज्या सरांनी दोन वर्षं त्याला घडवलं, ते अधिकृत शिक्षक नाहीत म्हणून त्यांचं पत्र जोडपत्र म्हणूनच गेलं.

तेव्हा वहिनी, शनिवारी तो कागद घ्याच, पण अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना पसंतीक्रम लावायच्या आधी त्या कॉलेजात जाऊन या. वर्ग भरतात का, हे डोळ्यांनी बघा.

प्रेषक: बॉस्टन (मूळ उद्यमनगर)

काकांचं खरं आहे. अमेरिकेतलं एमआयटी दोन शिक्षकांची पत्रं मागतं, एक गणित किंवा विज्ञानाचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांपैकी. म्हणजे मराठीच्या बाईंचंही चालतं, पत्र इंग्रजीत असलं की झालं. ज्या मुलाने अकरावी-बारावीत मराठीच्या तासाला पाऊलच टाकलं नाही, त्याने काय करायचं?

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वात जास्त बोलावीशी वाटते. आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीनंतरचा श्वास. सगळ्यांचं लक्ष बारावीच्या बोर्डावर. अमेरिकेच्या अर्जात हे उलटं आहे. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात आणि निकाल त्याहून पुढे. म्हणजे अर्ज वाचणाऱ्यापुढे नववी, दहावी, अकरावी आणि फार तर बारावीची सहामाही असते. बोर्डाचा निकाल ते नंतर बघतात, पण तोवर निर्णय झालेला असतो. अकरावी पास होण्यापुरती काढली तर ती भरून निघायला जागाच उरत नाही. लवकर तयारी म्हणतात त्यातला माझ्या मते हाच खरा भाग, बाकी पुष्कळसा गाजावाजा.

प्रेषक: कसबा बावडा

सगळं वाचते आहे. माझा प्रश्न जरा बाजूचा आहे, चालेल ना? २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा मुलगा लहान होता. २०२१ ला पुन्हा आलं, तेव्हापासून तो पावसाळ्यात रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वहीत लिहितो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की किती तासांनी इथे पाणी चढतं, याचा तक्ता केलाय आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना तो स्वतः जाऊन सांगतो. आता नववीत आहे. पुण्यातल्या एका सल्लागारांनी फोनवर सांगितलं की याला काही किंमत नाही, पैसे भरा, आम्ही शोधनिबंध छापून देतो आणि एक संस्था काढून देतो, त्याचा अध्यक्ष मुलगा. आकडा ऐकून मी गप्प झाले. खरंच असं करावं लागतं का?

प्रेषक: न्यू जर्सी (मूळ कागल)

अजिबात नाही! अक्का, त्या माणसाला परत फोन करू नका. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांना दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. त्यात काढून दिलेल्या संस्थेचं अध्यक्षपद अन् तुमच्या पोराची वही शेजारी ठेवा, कुठली खरी ते कोणालाही कळेल. त्याला वही चालू ठेवू दे. शिवाजी विद्यापीठात भूगोलाचे कोणी प्राध्यापक भेटले तर तक्ता दाखवा, चुका काढून घ्या. आणि फुटबॉल खेळतो ना तो? तोही सोडायला लावू नका. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ उतरल्यावर काय होतं ते अमेरिकेतल्या माणसाला त्याने सांगावं, ६५० शब्दांचा निबंध त्यासाठीच असतो.

प्रेषक: ताराबाई पार्क

परीक्षांचंही कोणी सांगा. नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे, गणिताच्या ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीला आठवीपासून बसता येतं. मुलाला गोडी असेल तरच. प्रमाणपत्रांची फाइल फुगवण्यासाठी नको. माझ्या वर्गात अशा फायली खूप पाहिल्या, त्यातली मुलं दमलेली असायची.

प्रेषक: सचिव

धागा लांबतोय, पण उपयोगाचा आहे म्हणून थांबवत नाही. दोन गोष्टी. एक, एसएटी या अमेरिकी प्रवेश परीक्षेचं. मधली काही वर्षं ती ऐच्छिक होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती (किंवा तशीच एसीटी) पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्डनेही तेच जाहीर केलं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मात्र प्रवेशासाठी ती बघतच नाहीत. तेव्हा "आता एसएटी लागत नाही" हे जुनं ऐकीव कृपया पुढे पाठवू नका.

दुसरं, पैशांचं. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेलाय. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरवतात आणि मग गरजेइतकी मदत देतात. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की त्याचा परिणाम निर्णयावर होतो. ज्यांची मुलं तिकडे जन्मली आणि आता कोल्हापुरात शिकतायत, त्यांचं गणित निराळं, नागरिक म्हणून त्यांना सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म भरता येतो. ही बोलणी नववीतच घरात व्हावीत असं मला मनापासून वाटतं. हार्वर्ड शंभरातल्या जेमतेम चारांना घेतं. मुलाला हे आधी माहीत असावं आणि इथला चांगला पर्यायही तितक्याच मानाने समोर असावा. मुंबईत अमेरिकेतल्या शिक्षणाची माहिती देणारं एज्युकेशन-यूएसएचं केंद्र आहे, त्यांचा सल्ला मोफत मिळतो.

नमुन्याबाबत: बाईंचं शाळेच्या माहितीचं पान आणि दादांचं निकालपत्रक, दोन्ही एकत्र ठेवूया. बाई, चालेल ना?

प्रेषक: ताराबाई पार्क

चालेल. माझं पान पहिलं ठेवा.

प्रेषक: राजारामपुरी

काम झालं! सरांनी समोर बसून रजिस्टर काढायला लावलं, दोन प्रतींवर सही-शिक्का मिळाला. पेनड्राइव्हची युक्ती कामी आली बाई, कारकून दादांनी स्वतःच चहा मागवला. सर म्हणाले, गणिताच्या बाई लेकीबद्दल आत्ताच चार शब्द लिहून ठेवतील, पुढे कामाला येवो न येवो.

आता एकच अडलंय. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिच्या नावात वडिलांचं नावच नाही. दादा, तुमच्या मुलाच्या वेळी काय केलं होतं? दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत अशी ओळ त्याच कागदावर घ्यावी की वेगळं पत्र? सर सुट्टीतही बुधवारी दुपारी शाळेत येणार आहेत, त्याच्या आधी सांगा.