भात गिरण्यांचा धूर: नोटीस की शेजाऱ्याशी तुलना?

गोंदियाकर: गोंदिया-भंडाऱ्याकडं उकडा तांदळासाठी तूस जाळून वाफ करतात. धूर गाळायला कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर बसवलेला असतो, पण रात्री बायपास डँपर उघडा, म्हणजे धूर फिल्टर टाळून थेट चिमणीत सोडणारी झडप. धूर ओढणाऱ्या आयडी फॅनची वीज वाचते. नोटीस आली की चार दिवस डँपर बंद, मग जैसे थे. त्यापेक्षा दर महिन्याला मालकाला एक पानी पत्र द्या: तुमच्या चिमणीची धूळ इतकी, तालुक्यातल्या तुमच्याएवढ्या गिरण्यांची सरासरी इतकी. राज्य प्रदूषण मंडळानं २०१७ मध्ये चिमणीच्या धुळीवर कारखान्यांना १ ते ५ तारे द्यायला सुरुवात केलीच होती. हे तेच, फक्त पंचक्रोशीपुरतं.

धुरांडं: भाऊ, आकडा आणणार कोण? मालकाच्याच पैशानं आलेली लॅब? गुजरातेत दुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे, रायन या अर्थतज्ज्ञांनी २००९ ते २०११ मध्ये हेच तपासलं. कारखान्यांनीच पैसे देऊन नेमलेल्या प्रदूषण ऑडिटरांच्या लेखी धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के, फेरमोजणीत ५९. ऑडिटर चिठ्ठीनं नेमले, फी सामायिक निधीतून दिली, फेरतपासणी ठेवली, तेव्हा खोटे 'पास' ८० टक्क्यांनी घटले. आधी हे करा, पत्रं मागून.

गोंदियाकर: पण तिथं दंड कुठं वाढवला? पैसे देणारा हात बदलला, एवढंच. मी तरी वेगळं काय म्हणतो?

धुरांडं: ऑडिटरच्या पोटाचा प्रश्न अन् मालकाच्या लाजेचा प्रश्न एक नाही. शिवाय सरासरीपेक्षा स्वच्छ असलेला मालक तुमचं पत्र वाचून ढिला पडेल. सरासरी नको, सगळ्यात स्वच्छ दोघांचा आकडा छापा.

पानापक्कड: पत्र मालकाला, अन् डँपरवर हात फायरमनचा, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याचा! त्याला बोलणी बसतात वाफेचा दाब पडला की. धुळीसाठी कोणी बोलत नाही. फिल्टरचा मॅनोमीटर पहा, तो फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाबफरक दाखवतो. दाबफरक साधारण १००-१५० मिमी पाणी असावा. १०-२० वर आला तर पिशवी फाटली किंवा बायपास उघडा. २०० च्या वर गेला तर पिशव्या चोंदल्या. भट्टी दारातून धूर फेकते, मग फायरमन बायपास उघडणारच. बॉयलर थंड असताना पेटवला तर पिशव्यांवर ओल धरून राखेचा लेप बसतो, म्हणून तेवढा वेळ बायपास लागतोच. डँपरला स्प्रिंग अन् टायमर लावा, आपोआप मिटेल. उघडा ठेवायचा तर दर वेळी बटण दाबावं लागेल, अन् हूटर वाजेल मॅनेजरच्या केबिनमध्ये.

धुरांडं: अन् स्प्रिंगला तार बांधली तर?

पानापक्कड: बांधतीलच. म्हणून मॅनोमीटरचा आकडा तासातासाला फळ्यावर, गेटजवळ. रात्रभर १५ दिसला तर तार शोधायला जायची गरज नाही.